गल्लीची सभा आणि आपले कर्तव्य

पालखीला खांदा द्यावयाचा असला म्हणजे आपल्या गल्लीतील दहा हात पुढे येतात. वर्गणी मागावी लागत नाही, पंगतीत वाढणाऱ्यांस बोलावावे लागत नाही. परंतु त्याच गल्लीतील गटार तुंबले, नळास पाणी येईनासे झाले, आणि त्यासाठी वॉर्डसभा भरली, तर आपल्यापैकी कित्येकांचे पाऊल उंबरठ्याबाहेर पडत नाही. असे का व्हावे?

एक कारण नेहमी सांगण्यात येते. सभेचे कामकाज कन्नडमध्ये चालते. आपण घरी मराठी बोलणारे. चारचौघांत बोलताना चुकलो तर हसे होईल. ह्या संकोचाचे उत्तर कडगंचीनेच पूर्वी देऊन ठेवले आहे. गुरुचरित्रकार सरस्वती गंगाधर हे येथील सायंदेवांच्या वंशातले. मराठी ही आपली भाषा नव्हे, हे त्यांनी ग्रंथारंभीच मोकळेपणाने सांगितले, आणि तरीही ग्रंथ मराठीतच सिद्धीस नेला. त्यांनी कन्नडातून मराठीकडे पाऊल टाकले. आपणांस मराठीतून कन्नडकडे चार पावले टाकणे जड का वाटावे?

आता ह्या सभेचा अधिकार पाहू. घटनेची ७३वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आली. मतदारयादीत ज्याचे नाव, तो ग्रामसभेचा सभासद, असे तीत ठरले. त्यास वर्गणी नाही, निमंत्रणाची वाट पाहणे नाही. कर्नाटकाच्या १९९३ च्या पंचायत राज कायद्यात ग्रामसभेच्या आधी प्रत्येक वॉर्डाची सभा सांगितली आहे. कोणते काम आधी हाती घ्यावे आणि सरकारी योजनांचा लाभ कोणास मिळावा, ह्याची शिफारस तेथून वर जाते. म्हणून आपण घरी बसलो, तर शेजारच्या निराधार वृद्धेचे नाव सुचविणारे कोणी उरत नाही. आपल्या गैरहजेरीचे फळ तिला भोगावे लागते.

नेटाने सभा भरविल्यास काय साधते, हे अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने दाखविले. त्या दुष्काळी गावात ग्रामस्थ एकत्र बसून वर्षाच्या पाण्याचा हिशेब करतात आणि त्याप्रमाणे पिके ठरवितात. शेतीसाठी कूपनलिका न घेण्याचा निर्बंधही त्यांनी स्वतःवर घालून घेतला. स्वतः मान्य केलेला नियम पाळणे मनुष्यास सोपे जाते.

आरंभ असा करावा. मतदारयादीत घरातील सर्वांची नावे आहेत की नाहीत ते पाहावे. सभेची तारीख पंचायतीत विचारून शेजाऱ्यांस कळवावी. गल्लीची एकच निकडीची गरज निवडून तिचा अर्ज कन्नड शाळेत शिकणाऱ्या आपल्याच मुलाकडून लिहून घ्यावा. पाणी भरण्याचे कष्ट ज्यांच्या वाट्यास येतात, त्या माताभगिनींस अवश्य सोबत न्यावे. सभेत इतरांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे, आपली मागणी वहीत नोंदली गेली की नाही ते पाहावे, आणि पुढील सभेत तिची विचारपूस करावी. एखादे काम अंगावर आले तर तेही आनंदाने पत्करावे.

देवळाचे अंगण झाडणारा हात गल्लीच्या कामास परका राहू नये.

मननासाठी : गेल्या वर्षी आपण किती वॉर्डसभांस गेलो? आपल्या गल्लीत असे कोण आहे, ज्याच्या वतीने बोलावयास आज कोणीच नाही?