केबल लपवण्याआधी

काचेच्या बाजूच्या कॅबिनेटची चलती झाली आणि घरी कॉम्प्युटर असेंबल करणाऱ्यांना केबल लपवण्याचं वेड लागलं. समोरून एकही वायर दिसता कामा नये! हौस चांगलीच आहे. पण वीज नीट पोहोचणं आणि वायर नीट दिसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि घाईत दुसरीसाठी पहिलीचा बळी जातो.

ओळखीतल्या एका कॉलेजकुमाराने जुना एसएमपीएस कमी पडतो म्हणून जास्त वॅटचा नवा आणला. दोन्ही मॉड्युलर, म्हणजे केबल दोन्ही टोकांनी निघणाऱ्या. जुन्या केबल त्याने मदरबोर्डच्या पाठीमागे इतक्या निगुतीने बांधल्या होत्या, की त्या सोडवणं त्याच्या जिवावर आलं. त्याच नव्या एसएमपीएसमध्ये खोचल्या. बसल्याही सहज. बटण दाबलं आणि जळका वास आला. साटा हार्ड डिस्क गेली, घरच्या फोटोंसकट. थेट मदरबोर्डवर बसणारी एम.2 ड्राइव्ह तेवढी वाचली, कारण ती त्या केबलवर नव्हतीच.

ड्राइव्हकडच्या टोकाला कुठल्या पिनवर किती व्होल्ट हे ठरलेलं असतं. एसएमपीएसकडच्या टोकाला मात्र असं सर्वमान्य प्रमाण नाही. कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही पिनांची मांडणी बदलते. 5 व्होल्टच्या तारेतून 12 व्होल्ट गेले की डिस्कचं काय होणार? म्हणून एसएमपीएस बदलला की जुन्या केबलही झाडून सगळ्या काढायच्या, मग कितीही कंटाळा येवो.

आठ पिनांच्या प्लगांचीही गफलत होते. प्रोसेसरचा प्लग बहुधा चार अधिक चार असा दुभंगतो, ग्राफिक्स कार्डाचा सहा अधिक दोन. दोघांत 12 व्होल्ट आणि ग्राउंडच्या बाजू उलट असतात. खाचांचे आकार वेगळे ठेवलेत ते यासाठीच, त्यामुळे प्लग अडला तर जोर लावू नये, आधी त्यावरची अक्षरं वाचावीत. कार्डाला दोन आठ-पिनी प्लग लागत असतील, तर एकाच केबलची दोन तोंडं वापरण्यापेक्षा दोन स्वतंत्र केबल ओढलेल्या बऱ्या. एकेक प्लग 150 वॅटचा असतो.

सगळ्यात जास्त गाजलं ते बारा पिनांच्या नव्या प्लगचं प्रकरण. ऑक्टोबर 2022 मध्ये एनव्हिडियाचं आरटीएक्स 4090 ग्राफिक्स कार्ड घेतलेल्या काहींचे प्लग वितळल्याचे फोटो फिरू लागले. हा प्लग 600 वॅटपर्यंतचा. 12 व्होल्टवर म्हणजे 50 अँपिअर, ते सहा पिनांत वाटले तर प्रत्येकीवर आठाहून जास्त. एखादी पिन अर्धवट टेकली की तिथे उष्णता साठते. एनव्हिडियाने नोव्हेंबरमध्ये सुमारे 50 प्रकरणं माहीत असल्याचं सांगितलं आणि प्लग पूर्ण न बसणं हे त्यांतलं समान कारण असल्याचं म्हटलं. 2023 मध्ये सुधारित 12व्ही-2x6 रचना आली. तिच्यात संकेत देणाऱ्या चार छोट्या पिना आखूड केल्या, म्हणजे प्लग पुरता आत गेल्याशिवाय कार्ड वीज ओढणार नाही. तरीही 2025 मध्ये आरटीएक्स 5090च्या वितळलेल्या प्लगांच्या तक्रारी आल्याच. तेव्हा सगळा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारणं पटत नाही. इतक्या चिमुकल्या प्लगवर एवढा भार टाकायचा तर रचनेतही थोडी ढील हवी होती.

आपल्या हातात आहे तेवढं करावं. खटका ऐकू आला तरी प्लग आणि सॉकेटमध्ये फट उरली नाही ना, हे टॉर्च मारून पाहावं. प्लगपासून साधारण 35 मिलिमीटर तार सरळ ठेवून मगच वळवावी. काच लागते म्हणून तार मुळाशीच मोडून बसवू नये; कॅबिनेट अरुंद असेल तर काच काढून ठेवलेली परवडली.

प्रोसेसरची केबल कूलर बसवण्याआधीच वरच्या कोपऱ्यातल्या भोकातून ओढून घ्यावी, नंतर तिथे बोटं शिरत नाहीत. चोवीस पिनांचा जाडजूड प्लग दाबताना बोर्डाच्या कडेला खालून दुसऱ्या हाताचा आधार द्यावा. मशीन चालू करून पाहिल्यावरच केबल बांधाव्यात, त्याही वेल्क्रो पट्टीने. प्लास्टिकचे टाय कापताना कात्री तारेवर चालते. मागचं झाकण मात्र गुडघा लावून बंद करू नये. दाबाखाली आधी मोडतं ते साटा ड्राइव्हचं नाजूक प्लास्टिकचं तोंड, आणि ते मोडलं की केबल बसायला जागाच उरत नाही.