टाचणीचीं भोकें

मुलाच्या हातीं रहस्यकथा दिसली कीं पुष्कळ पालकांच्या कपाळास आठी पडते. अभ्यासाचा वेळ जातो आणि वर चोरदरोडेखोरांची संगत, असा त्यांचा आक्षेप असतो. या जातीचीं निकृष्ट पुस्तकें पुष्कळ आहेत हें आम्हांस मान्य आहे. परंतु चांगली रहस्यकथा कशी रचलेली असते हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें एरिख केस्टनर या जर्मन लेखकाची ‘एमिल आणि गुप्तहेर’ ही १९२९ सालची कादंबरी अवश्य वाचावी.

एमिल हा लहान गांवांतला मुलगा. वडील वारलेले, आई घरींच बायकांचे केस धुऊन व विंचरून देऊन संसार चालविते. तो बर्लिनला आजीकडे निघतो तेव्हां ती त्याजजवळ १४० मार्क देते. १२० आजीसाठीं, २० त्याच्या खर्चासाठीं. ही रक्कम किती कष्टानें साठली हें मुलास ठाऊक आहे. म्हणूनच तो आगगाडींत नोटांचें पाकीट कोटाच्या आंतल्या खिशांत टाचणीनें टोंचून ठेवितो. पुढें त्यास झोंप लागते. जागा होऊन पाहतो तों पाकीट नाहीं, आणि समोरचा टोपीवाला गृहस्थही नाहीं!

येथें वाचक विचारील, मुलगा पोलिसांकडे कां गेला नाहीं? सामान्य लेखक या प्रश्नास बगल देतो. केस्टनरनें उत्तर आधींच देऊन ठेविलें आहे. एमिलनें आपल्या गांवीं एका राजपुरुषाच्या पुतळ्याचें नाक तांबडें रंगवून त्यास मिशा काढिल्या होत्या. तेव्हांपासून शिपाई दिसला कीं त्याची छाती धडधडते. खोडी क्षुल्लक, पण सारें कथानक तिजवर उभें आहे. तिच्यामुळेंच तो अनोळखी शहरांत चोराच्या मागें एकटा निघतो, आणि वाटेंत भेटलेलीं बर्लिनचीं मुलें त्याच्या मदतीस धांवतात.

दुसऱ्या दिवशीं चोर बँकेंत नोटा मोडावयास जातो. पैसे माझे आहेत, असें एमिल ओरडतो. परंतु नोटेवर कोणाचें नांव असतें? तेव्हां त्यास टाचणी आठवते. पाहतात तों नोटांस खरोखरच बारीक भोकें! ती टाचणी कितीतरी पानें आधीं आपणही पाहिली होती. विद्यार्थ्यांनीं कोणतीही रहस्यकथा संपविल्यावर हीच कसोटी लावावी: उलगड्याचा धागा आपल्या डोळ्यांसमोर होता काय? शेवटच्या प्रकरणांत अकस्मात् जुळा भाऊ उपटला, तर लेखकानें आपणांस फसविलें असें खुशाल समजावें.

पालकांस आम्ही धाकट्या डीन्स्टागची ओळख करून देऊं. त्याच्या घरीं टेलिफोन असल्यामुळें निरोप घेण्यास त्यास तेथेंच बसविलेलें असतें. आपणही मागावर जावें अशी त्यास तळमळ असते, पण तो आपली जागा सोडीत नाहीं. चोर अट्टल बँक-दरोडेखोर निघतो, एमिलला १००० मार्क बक्षीस मिळतें, आईसाठीं केस वाळविण्याचें विजेचें यंत्र घेण्याचे बेत होतात. पण सर्व मुलें मेजवानीस जमतात तेव्हां आजी मुद्दाम नांव घेते तें डीन्स्टागचें. आणि या प्रकरणापासून बोध काय घ्यावा अशी चर्चा निघते, तेव्हां ती म्हातारी एवढेंच सांगते कीं पैसे नेहमीं मनिऑर्डरनें पाठवावेत.