लाल पडदा हटवण्याआधी

मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी आमच्या आलापल्लीच्या जंगलातलं सागवान बल्लारपूरहून रवाना झालं आणि इथल्या लाकडाचं नाव दूरवर गेलं. मोबाईलवर 'आलापल्ली सागवान' शोधून फोन करणारे वाढले. इथल्या एका फर्निचरवाल्याची वेबसाइट त्या शोधात वर दिसायची, ऑर्डरी यायच्या. मी गावात कॉम्प्युटरचं दुकान चालवतो. साइट बिघडली की लोक माझ्याकडे येतात, तसे तेही आले.

गुगलवरून साइट उघडली की ऑनलाइन जुगाराचं पान येतं, असं नागपूरच्या एका गिऱ्हाइकाने त्यांना आधीच कळवलं होतं. त्यांनी स्वतः पाहिलं तर सगळं ठीक. "भाऊ, माह्या फोनवर तं बरोबर दिसून राहिली, त्याच्याच मोबाईलमध्ये काही असन," असं म्हणून त्यांनी विषय सोडला होता. पुढे काही आठवड्यांनी सगळ्यांनाच लाल पडदा दिसू लागला: ही साइट धोकादायक आहे, मागे फिरा.

दोन्ही माणसं खरं बोलत होती. हॅकरने साइटमध्ये घुसवलेला कोड कुणाला काय दाखवायचं ते ठरवतो. सर्च इंजिनवरून, मोबाईलवर आलेल्याला तो दुसरीकडे पळवतो. मालक थेट पत्ता टाकून येतो, म्हणून त्याला स्वच्छ पान दिसतं. जून २०२२ मध्ये ठाणे पोलिसांची वेबसाइट हॅक झाली, तेव्हा हॅकरांनी पानावर संदेशच झळकवला होता. छोट्या धंदेवाल्याकडे शिरणारा मात्र गुपचूप राहतो, कारण त्याला तुमच्या नावावर येणारं गिऱ्हाईक हवं असतं. म्हणून एकानेही तक्रार केली तरी आपल्या साइटचं नाव गुगलवर शोधा आणि खासगी विंडोतून, मोबाईल डेटावर निकालावर टिचकी मारा. शोधपट्टीत 'साइट' हा शब्द इंग्रजीत, त्यापुढे विसर्गासारखं चिन्ह आणि लगेच आपला पत्ता टाकला, तर गुगलकडे असलेली तुमची पानं दिसतात. फर्निचरवाल्याच्या साइटच्या यादीत पलंग-दिवाणांच्या मधोमध जपानी अक्षरांतली, औषधविक्रीची पानं निघाली. मालकांनी ती कधी पाहिलीही नव्हती.

लाल पडदा दिसला की ब्राउझर बदलून उपयोग नाही. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी हे तिघंही गुगलच्या सेफ ब्राउझिंगच्या, म्हणजे धोकादायक साइट्सच्या, यादीचा आधार घेतात. पत्त्याशेजारी नुसतं 'सुरक्षित नाही' दिसत असेल तर ती गोष्ट वेगळी. जुलै २०१८ पासून क्रोम प्रत्येक साध्या एचटीटीपी साइटला तसं म्हणतो. प्रमाणपत्र बसवलं की काम झालं, आणि लेट्स एन्क्रिप्टकडून ते फुकट मिळतं. लाल पडदा प्रमाणपत्राने जात नाही.

खरी वाट गुगल सर्च कन्सोलमधून जाते. तिथे साइटची मालकी सिद्ध करा आणि 'सुरक्षा समस्या' उघडा. काय सापडलं ते तिथे लिहिलेलं असतं, बरेचदा नमुन्याची पानंही. आमची अडचण इथेच झाली: डोमेन आणि होस्टिंग दोन्ही साइट बनवणाऱ्याच्या नावावर, आणि तो फोन उचलेना. पासवर्ड हाती यायलाच सगळ्यात जास्त वेळ गेला. माझं कळकळीचं सांगणं आहे, डोमेन, होस्टिंग आणि सर्च कन्सोल तुमच्याच ईमेलवर असू द्या. बनवणाऱ्याला हवं तेवढंच काम करण्याची परवानगी द्या.

साफसफाई करण्याआधी आहे त्या अवस्थेतली एक प्रत काढून ठेवा. वर्डप्रेस असेल तर फोटोंच्या 'अपलोड्स' फोल्डरमध्ये पीएचपी फाइल शोधा. तिथे तिचं काही काम नसतं. एचटीअ‍ॅक्सेस फाइल ओळ न् ओळ वाचा, पळवापळवी बहुधा तिथेच लिहिलेली असते. अनोळखी अ‍ॅडमिन काढा. सर्च कन्सोलमधले मालकही तपासा, कारण हॅकर स्वतःला तिथे मालक म्हणून घालून घेतो. आम्हाला मूळ सापडलं ते फुकटात उतरवलेल्या चोरीच्या थीममध्ये. नुसती वाईट पानं पुसून ती थीम ठेवली असती, तर वाळवी लागलेल्या फळीवर पॉलिश मारल्यासारखं झालं असतं. थीम काढली, वर्डप्रेस आणि प्लगिन ताजे केले, होस्टिंगपासून डेटाबेसपर्यंत सगळे पासवर्ड बदलले.

मगच 'पुनरावलोकनाची विनंती' करायची, आणि काय सापडलं, काय काढलं, वाट कशी बंद केली हे नेमकं लिहायचं. मालक पहिल्याच दिवशी विनंती पाठवा म्हणत होते, कारण लग्नसराई तोंडावर होती, मी थांबवलं. घाण शिल्लक असताना अर्ज केला तर तो फेटाळला जातो आणि पुढचा निकालही लांबू शकतो. व्हायरसचं प्रकरण काही दिवसांत तपासलं जातं, पण हजारो खोटी पानं घुसवली असतील तर काही आठवडे लागतात. याच काळात 'पैसे द्या, यादीतून नाव काढून देतो' असे फोन येतात. गुगल या तपासणीचा एक रुपयाही घेत नाही. अशा माणसाला पासवर्ड तर मुळीच देऊ नका. तुमच्या साइटवरून पळवल्या गेलेल्या कुणा गिऱ्हाइकाचे पैसे गेले असतील, तर त्याला ताबडतोब १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायला सांगा. जितक्या लवकर कळवलं जाईल, तितकी रक्कम बँकेत अडवली जाण्याची शक्यता जास्त.