धातूचा प्रतिध्वनी

मुलांनो, तुम्ही आडात वाकून कधी हाक मारली आहे काय? हाक लांबवली, तर प्रतिध्वनी तिच्यातच बुडून जातो; ती चटकन थांबली, तरच तो स्पष्ट ऐकू येतो. जमिनीत पुरलेला धातू शोधणारे एक यंत्र याच रीतीने काम करते. त्यास स्पंद-प्रवर्तन धातुशोधक म्हणतात.

तांब्याच्या तारेचे वेटोळे हा या यंत्राचा प्राण होय. बॅटरीचा प्रवाह वेटोळ्यातून सेकंदाला शेकडो वेळा सोडला जातो आणि एकाएकी तोडला जातो. तो तुटताच वेटोळ्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र नाहीसे होऊ लागते, आणि त्यामुळे जवळच्या धातूत भोवऱ्यासारखे प्रवाह उत्पन्न होतात. तेच धातूचे उत्तर! परंतु ते क्षीण असते आणि काही मायक्रोसेकंदांतच, म्हणजे सेकंदाच्या काही दशलक्षांश भागांतच, विरू लागते. त्यापूर्वी वेटोळे स्वतः शांत झाले पाहिजे.

हौशी लोक असे वेटोळे घरीच तयार करतात. फळीवर 26 सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आखून त्यावर लाकडी खुंट्या बसवतात आणि त्यांभोवती तारेचे सुमारे 25 वेढे घेतात. त्यासाठी 20 मीटरांहून थोडी अधिक तार लागते. वेढे वाढवले, तर क्षेत्र प्रबळ होते हे खरे. पण वेटोळे शांत होण्यास विलंब लागतो. वेढे एकमेकांच्या फार निकट असले, तर त्यांच्यामध्ये विद्युत्‌भार साठून हा विलंब आणखी वाढतो. यासाठी जाड रोधक आवरणाची तार चांगली. शेवटी वेढे हलू नयेत म्हणून ते दोऱ्याने घट्ट बांधतात. सांगाड्यात लोखंडी खिळा मात्र राहता कामा नये. नाहीतर यंत्र त्या खिळ्याचेच उत्तर ऐकत बसेल! बॅटरी 12 व्होल्टची असली, तरी प्रवाह तुटताना वेटोळ्यात क्षणभर शेकडो व्होल्ट उत्पन्न होतात. म्हणून हे काम जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

हा केवळ छंद नव्हे. कंबोडियात युद्धे संपली, तरी भूसुरुंग जमिनीतच राहिले. सुरुंग शोधण्यासाठी या तत्त्वावरची यंत्रेही वापरतात. काही सुरुंगांत धातूचा अंश अगदी अल्प असतो आणि त्याचे उत्तर फार लवकर विरते. वेटोळे तेवढ्या अवधीत शांत झाले नाही, तर ते उत्तर ऐकू येत नाही, आणि शोधणाऱ्याचे पाऊल पुढे पडते.