आजीजवळ बसून धडा वाचू द्या

पालकहो, बहिणाबाई चौधरींची कविता तुमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात कधी ना कधी येते. मुलं ती पाठ करतात, रसग्रहण लिहितात, गुण मिळवतात. पण ती कविता आपल्यापर्यंत पोहोचली कशी, हे त्यांना फारसं कुणी सांगत नाही. ते आई-बापांनीच सांगायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

बहिणाबाई १८८० साली जळगावजवळच्या आसोद्यात, महाजनांच्या शेतकरी घरात जन्मल्या. तेराव्या वर्षी जळगावच्या चौधरींची सून झाल्या. तिशीतच नवरा गेला. पदरात लेकरं, पुढ्यात शेती, आणि अक्षराशी ओळख नाही. पेरणीपासून उपणणीपर्यंतची सगळी कामं त्यांच्या हातून गेली आणि जाता जाता गाणी होऊन आली. मोट, घरोटा म्हणजे जातं, सुगरणीचा खोपा, आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला माहेरी आलेल्या लेकी, सगळ्यांवर गाणं. छापखान्यावरसुद्धा! त्यातून निघालेलं एक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्याच्यावर गाणं आहेच.

जात्यावर दळताना काय होतं पाहा. एक हात खुंट्यावर, दुसरा मुठीमुठीनं दाणे घालतोय, पाळूभोवती पीठ सांडतंय. दोन्ही हात गुंतलेले, तोंड तेवढं मोकळं. आपल्या आया-आज्यांची कविता याच मोकळ्या तोंडातून आली. कागद-पेन घेऊन निवांत बसायची सवड त्यांना कुणी दिलीच नाही.

मग ही गाणी उरली कशी? बहिणाबाईंचे चिरंजीव सोपानदेव शाळकरी असताना त्यांनी पुस्तकातली सावित्री-सत्यवानाची गोष्ट आईला वाचून दाखवली. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आईनं त्या गोष्टीचं गाणं केलेलं होतं. पोरगा थक्क झाला आणि त्यानं ते वहीत उतरवून घेतलं. पुढे सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी जमेल तसं टिपून ठेवत गेले. जे टिपलं ते राहिलं. बाकीचं बहिणाबाईंबरोबर गेलं, आणि ते किती होतं याचा हिशेब आता कुणीच देऊ शकत नाही.

त्यांच्या श्रद्धेबद्दलही बोलायला हवं, कारण घरात देवधर्म कसा असावा हा प्रश्न तुम्हा सगळ्यांनाच पडतो. बहिणाबाई पक्क्या भाविक. विठ्ठलाचं नाव तोंडी, काळ्या मातीतही त्यांना देव दिसायचा. पण एका गाण्यात त्याच बाई ज्योतिषाला दारातूनच परत पाठवतात. वैधव्य आलेलं, घरावर संकटं, अशा वेळी भविष्य विचारायचा मोह कुणालाही झाला असता. त्यांनी मात्र देवावर भरवसा ठेवला आणि कामाला हात घातला. मुलांना श्रद्धा शिकवायची असेल तर ती या जातीची शिकवावी.

३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या. सोपानदेव स्वतः कवी, तरी आईच्या गाण्यांची वही लोकांपुढे न्यायला त्यांना संकोच वाटत होता. शेवटी त्यांनी ती आचार्य अत्र्यांना दाखवली. अत्रे भारावून गेले, आणि १९५२ मध्ये त्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईची गाणी’ छापून आली, खानदेशच्या बोलीसकट. आज जळगावच्या विद्यापीठाला त्याच बाईंचं नाव आहे.

आई थोर होतीच, पण आईजवळ बसून मोठ्यानं गोष्ट वाचणारा मुलगा नसता तर ते थोरपण आपल्याला कळलंच नसतं. आपल्या घरांत काय चाललंय? आजी स्वयंपाकघरात पुटपुटत भाजी निवडते आणि नातू दार लावून अभ्यासाला बसलेला असतो. तिची बोली त्यानं उचलली तर आपणच टोकतो, ‘नीट बोल’ म्हणून. हे थांबवूया.

तेव्हा आज रात्रीचा धडा मुलाला आजीजवळ बसून मोठ्यानं वाचू द्या. ती मध्येच काही बोलली, ओवी म्हणाली, म्हण टाकली, तर ती तिच्याच शब्दांत, एक अक्षरही न सुधारता, वहीत लिहून घ्यायला सांगा. तिचं नाव आणि तारीखही खाली घाला.