आभासी चकतीतील फाईल-व्यवस्था उघडताना

चंदीगड शहरात नुसता घरक्रमांक सांगून कोणाचेही घर सापडत नाही. ल कॉर्ब्युझिए याने १९५१ साली आखलेल्या आराखड्यानुसार हे शहर सुमारे ८०० मीटर रुंद व १,२०० मीटर लांब अशा आयतांत विभागले गेले, व प्रत्येक आयतास ‘सेक्टर’ हे नाव व क्रमांक मिळाला. एकच घरक्रमांक अनेक सेक्टरांत आढळतो. एवढेच नव्हे, तर शेजारच्या पंचकुला शहराने आपल्या सेक्टरांची मोजणी पुन्हा एकपासून आरंभिली; त्यामुळे ‘सेक्टर ५’ म्हणताच ‘कोणत्या शहरातील?’ असा प्रश्न विचारावा लागतो. मोजणी कोठून सुरू झाली हे ठाऊक नसेल, तर अचूक क्रमांकही माणसास भलत्याच दारी नेऊन उभे करतो.

संगणकाच्या चकतीवरील जागेच्या लहानात लहान तुकड्यासही ‘सेक्टर’ असेच म्हणतात. त्यात बहुधा ५१२ बाइट मावतात. चंदीगडच्या मूळ आराखड्यात तेरा क्रमांकाचा सेक्टर नव्हता, व २०२० साली मणिमाजरा भागास तो क्रमांक देण्यात आला. चकतीच्या मोजणीत असा अंक गाळला जात नाही. ती शून्यापासून सुरू होते व सलग चालते. मात्र मोजणीच्या आरंभाविषयीचा घोटाळा येथेही तसाच संभवतो, आणि बुडालेली माहिती वाचवू पाहणारे कित्येक जण प्रथम येथेच ठेचकाळतात.

आभासी यंत्र म्हणजे एका खऱ्या संगणकाच्या पोटात कार्यक्रमाच्या साहाय्याने चालविलेला दुसरा संगणक. ही कल्पना नवी नव्हे. आयबीएम कंपनीने १९६०च्या दशकात तिचे प्रयोग केले व १९७२ साली व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. पुढे ही सोय साध्या संगणकावरही आली; फाब्रिस बेलार याने २००३ मध्ये क्यूईएमयू हा कार्यक्रम प्रसिद्ध केला. या आतल्या संगणकास जी संपूर्ण चकती वाटते, ती बाहेरच्या यजमान संगणकाच्या दृष्टीने केवळ एक मोठी फाईल असते. तिलाच चकतीची प्रतिमा म्हणतात.

समजा, चंदीगडच्या सेक्टर १७ मधील एका कार्यालयाचे सर्व दप्तर अशा एका यंत्रात आहे. वीज अकस्मात गेली. परत आल्यावर यंत्र सुरू होईना. हाती उरली ती ४० गिगाबाइटची एक फाईल, म्हणजे ५१२ बाइटांचे ८,३८,८६,०८० सेक्टर. दप्तराची दुसरी प्रत नाही. आतील फाईली बाहेर काढावयाच्या, तर त्या प्रतिमेतील फाईल-व्यवस्था यजमान संगणकाच्या फाईल-वृक्षास जोडावी लागते. या जोडणीस ‘माउंट करणे’ म्हणतात. १९७०च्या दशकातील युनिक्समध्ये चकत्यांचा काढघाल करता येणारा संच यंत्रावर चढवीत व नंतर त्यातील फाईल-व्यवस्था वृक्षास जोडीत. त्या काळचा हा शब्द आजही टिकून आहे.

येथे घाई घात करते. प्रथम ते आभासी यंत्र पूर्णपणे बंद आहे याची खात्री करावी; चालू अथवा निद्रिस्त यंत्राची चकती बाहेरून जोडल्यास दोन मालक एकाच वहीत एकमेकांस न कळविता लिहू लागतात, व बचावलेले दप्तरही नष्ट होते. नंतर प्रतिमेची बाइटास बाइट प्रत करावी, मूळ फाईल बाजूस ठेवावी व तिचा ‘हॅश’ काढून टिपून ठेवावा. हॅश हा फाईलच्या सर्व बाइटांवरून गणिताने काढलेला ठसा होय. एक बाइट बदलला, तरी ठसा ओळखू न येण्याइतका पालटतो. चुंबकीय वा इलेक्ट्रॉनिक साधनच बिघडले असेल, तर दुरुस्तीचा विचारही प्रत हाती आल्यावरच करावा.

आता प्रतिमा कोणत्या प्रकारची आहे ते पाहावे. नावाच्या शेवटच्या अक्षरांवर विश्वास ठेवू नये. ती कोणीही बदलू शकतो. फाईलच्या आरंभीचे काही बाइट तिचा खरा प्रकार सांगतात. ‘रॉ’ प्रकारात प्रतिमेतील बाइटांचा क्रम चकतीवरील क्रमासारखाच असतो, म्हणून तिच्यावर साधे ‘लूप’ साधन बसविता येते. क्यूकाऊ-२ प्रकारात मात्र जेथे काही लिहिलेच नाही तेथे जागाही खर्ची पडत नाही, व लिहिलेले तुकडे फाईलमध्ये कोणत्याही क्रमाने पडलेले असतात. अशा फाईलवर लूप साधन बसविणे व्यर्थ. तिच्यासाठी क्यूईएमयू-एनबीडी हा कार्यक्रम वापरून ती चकती म्हणून यजमानासमोर मांडावी लागते, आणि तेही ‘केवळ वाचन’ हा पर्याय देऊनच.

चकती समोर आली म्हणजे तिचा नकाशा वाचावयाचा. जुन्या पद्धतीत पहिल्याच सेक्टरमध्ये, ४४६ क्रमांकाच्या बाइटापासून, सोळा सोळा बाइटांच्या चार नोंदी असतात. नव्या जीपीटी पद्धतीत नकाशाची आणखी एक प्रत चकतीच्या शेवटी ठेवलेली असते. आरंभ बिघडला, तरी ती कामास येते. चकतीच्या अशा भागांस इंग्रजीत पार्टिशन म्हणतात. ज्या शहराची गरजच पंजाबच्या फाळणीमुळे उत्पन्न झाली, तेथे हा शब्द जपून वापरलेला बरा. आपण ‘विभाग’ म्हणू.

एफडिस्क या कार्यक्रमाने आपल्या उदाहरणातील नकाशा असा दाखविला असे समजू : पहिला विभाग सेक्टर २,०४८ पासून, दुसरा १०,५०,६२४ पासून. दप्तर दुसऱ्या विभागात आहे. फाईल-व्यवस्था स्वतःची मोजणी आपल्या विभागाच्या आरंभापासून करते, चकतीच्या आरंभापासून नव्हे. हेच आपले पंचकुला. म्हणून संपूर्ण प्रतिमा जोडू पाहणाऱ्यास ‘फाईल-व्यवस्था ओळखता येत नाही’ असे उत्तर मिळते, व दप्तर गेले अशी त्याची समजूत होते. वस्तुतः ते जागच्या जागी असते. माउंट करताना अंतर सेक्टरांत नव्हे, बाइटांत सांगावे लागते : १०,५०,६२४ गुणिले ५१२, म्हणजे ५३,७९,१९,४८८. (सेक्टर ४,०९६ बाइटांचा असेल, तर अर्थातच त्या संख्येने गुणावे.) ईएक्सटी-४ या फाईल-व्यवस्थेत तिची मुख्य नोंद, म्हणजे सुपरब्लॉक, तेथून आणखी १,०२४ बाइट पुढे असते. ती बिघडली असल्यास चार किलोबाइटांच्या ठोकळ्यांच्या व्यवस्थेत पहिली राखीव प्रत ३२,७६८ क्रमांकाच्या ठोकळ्यात मिळते. पण गंमत अशी, की माउंटला हाच ठोकळा १,३१,०७२ असा सांगावा लागतो, कारण येथे माउंट एकेक किलोबाइट मोजते.

अंतर सापडले, पुढे ‘केवळ वाचन’ हा पर्याय दिला, म्हणजे आपण सुरक्षित झालो असे बहुतेकांस वाटते. हा समज खरा नाही, आणि या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. आधुनिक फाईल-व्यवस्था दुकानदारासारखी दोन वह्या ठेवते. व्हावयाचा बदल आधी रोजकीर्दीत लिहिते व मग सवडीने खतावणीत चढविते. वीज गेली त्या क्षणी काही नोंदी रोजकीर्दीतच राहिल्या. आपण फाईल-व्यवस्था उघडताच लिनक्समधील ईएक्सटी-४चा चालक प्रामाणिक मुनिमाप्रमाणे त्या नोंदी खतावणीत चढवू लागतो, आणि ‘केवळ वाचन’ असे सांगितले असतानाही चढवितो. तो पर्याय वापरणाऱ्याला लिहू देत नाही. मुनिमाचा हात धरीत नाही. त्याचा हात धरावयाचा, तर ‘नोलोड’ असे निराळे सांगावे लागते. एक्सएफएस या व्यवस्थेत त्याच कामाचा शब्द ‘नोरिकव्हरी’ आहे. लूप साधनच वाचनापुरते बसविले असेल, तर अपुऱ्या नोंदी असलेली ईएक्सटी-४ जोडण्यास नकार देते. नवशिक्याला तो नकार बिघाड वाटतो. खरे पाहता ते संरक्षण आहे.

यावर कोणी म्हणेल, की नोंदी चढल्या तर बिघडले काय? बहुतेक वेळा काहीच बिघडत नाही. परंतु रोजकीर्दच खराब झालेली असेल, तर चुकीच्या नोंदी चांगल्या खतावणीवर चढतात व मागे फिरता येत नाही. शिवाय ती प्रतिमा पुरावा असेल, तर प्रश्न कायद्याचा होतो. १ जुलै २०२४ पासून अमलात असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत जे प्रमाणपत्र द्यावयाचे, त्याच्या नमुन्यात हॅश लिहिण्याची जागा ठेवलेली आहे. तीन नव्या फौजदारी कायद्यांच्या यशस्वी अंमलबजावणीचे राष्ट्रार्पण ३ डिसेंबर २०२४ रोजी चंदीगडमध्येच झाले. अशा प्रकरणात मूळ प्रतिमा निष्काळजीपणे एकदा जोडली, तरी ठसा बदलतो, आणि ‘आम्ही केवळ पाहिले’ हे म्हणणे सिद्ध करणे कठीण जाते.

तरीही नोंदी न चढविता पाहिलेली खतावणी अपुरी असते. अखेरच्या काही क्षणांतील फाईली तीत दिसत नाहीत, वा अर्धवट दिसतात. यावरचा उपाय नकाशाकारांस जुनाच परिचित आहे. मूळ नकाशावर पारदर्शक कागद पसरून त्यावर रेघा ओढाव्यात, तसे येथे करता येते. क्यूईएमयू-आयएमजी या कार्यक्रमाने प्रतीवर एक रिकामी क्यूकाऊ-२ फाईल आच्छादावी; खालच्या फाईलचा प्रकार स्पष्ट सांगावा, तो ओळखण्याचे काम यंत्रावर सोपवू नये. जे वाचावयाचे ते खालून वाचले जाते, जे लिहिले जाईल ते वरच्या थरात पडते. मग मुनिमास खुशाल मोकळीक द्यावी. परिणाम पसंत पडला नाही, तर वरचा थर फेकून नवा पसरावा. दुरुस्तीचा एफएसके चालवावयाचा, तोही याच थरावर. यंत्र सुरू होत नाही म्हणताच मूळ चकतीवर एफएसके चालविण्याची जी सवय आहे, ती माझ्या मते बिघाडापेक्षा अधिक हानी करते. एक्सएफएसच्या दुरुस्तीत रोजकीर्द पुसून टाकण्याचा पर्याय आहे. तो अगदी अखेरचा समजावा.

दोन अडचणी वारंवार येतात. काही यंत्रांत विभागाच्या आत एलव्हीएम असते. तेथे नकाशातील विभाग थेट जोडता येत नाही. आधी आतील आभासी खंड जागे करावे लागतात. दुसरी अडचण नावांची. प्रतिमा एखाद्या साच्यावरून केलेली असेल व तोच साचा यजमानाचाही असेल, तर दोन समूह एकाच ओळखक्रमांकाचे निघतात. एक्सएफएस अशा जुळ्यास जोडण्याचे नाकारते, व ‘नोयूयूआयडी’ असे सांगावे लागते. हा गोंधळ टाळावयाचा असेल, किंवा प्रतिमा कोणा अनोळखी व्यक्तीकडून आलेली असेल, तर लिबगेस्टएफएस या संचातील गेस्टमाउंट हा कार्यक्रम बरा. तो प्रतिमा एका लहानशा आभासी यंत्रात उघडतो व तेथून फाईली दाखवितो. दुष्ट हेतूने रचलेल्या फाईल-व्यवस्थेचा धक्का मग यजमानाच्या गाभ्यास बसत नाही. वेग थोडा कमी पडतो, पण दप्तर वाचविताना वेगाचे एवढे महत्त्व नाही.

फाईली बाहेर काढताना त्यांचे मालक, परवाने व तारखा जशाच्या तशा राहतील अशा रीतीने नकलाव्यात. येथे मालक नावाने नव्हे तर अंकाने नोंदलेला असतो. यजमानावर १००० हा अंक भलत्याच माणसाचा असू शकतो. डेटाबेसच्या फाईली मिळाल्या एवढ्यावर थांबू नये. त्या त्याच आवृत्तीच्या डेटाबेसमध्ये उघडून अखेरच्या नोंदी दिसतात काय ते पाहावे. मग ज्या क्रमाने थर चढविले त्याच्या उलट क्रमाने उतरवावेत : आधी फाईल-व्यवस्था, नंतर एलव्हीएमचे खंड, शेवटी लूप अथवा एनबीडी साधन. हा क्रम चुकल्यास साधन ‘व्यग्र आहे’ अशी तक्रार येते, व उतावळा माणूस संगणकच बंद करतो. सर्व सुटे झाल्यावर बाजूस ठेवलेल्या मूळ प्रतिमेचा हॅश पुन्हा काढावा आणि आरंभी टिपलेल्या अंकांशी अक्षरशः ताडून पाहावा.