पाटीवरचा धंदा आणि कायद्याचा आधार

वस्तीत पहाटे भाजीची पाटी भरणारी माउली ही उद्योजकच होय. भांडवल, जोखीम, हिशेब सारे तिच्याच शिरावर. परंतु तिची कमाई सावकाराच्या व्याजात जाते आणि माल जप्त होण्याची धास्ती कायमच. बंधू-भगिनींनो, यावर कायदा समजून घेणे हाच उपाय, असे आम्हांस वाटते. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन सर्वांना प्रमाणपत्रे मिळेपर्यंत कोणाही विक्रेत्याला हटविता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले व त्यांत एक-तृतीयांश महिला असाव्या लागतात. २०२० च्या स्वनिधी योजनेतील विनातारण पहिले कर्ज १०,००० रुपयांचे होते. २०२५ मध्ये ते १५,००० झाले. म्हणून आधी सर्वेक्षणात नाव नोंदवू, मग समितीत आपली माणसे पाठवू. नोंद नसेल तर हक्क कागदावरच राहील.